विनूकाकांनी इस्त्री केलेलं वाक्य

“हे वाक्य या पानावर नाहीच. मनाने घातलंस का?” गाइड सरांनी माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवर बोट ठेवून मानसीला विचारलं. पोरीचं तोंड उतरलं. प्रबंध उद्या जमा करायचा होता.

रत्नागिरीत माझं टायपिंगचं दुकान आहे. कॉम्प्युटर मी बटणं बडवूनच शिकले. पीएचडीवाले शेवटी माझ्याकडेच येतात. मानसीचा विषय होता, मच्छीमारांच्या घरात बाईचा शब्द किती चालतो. तिचे विनूकाका होडीवर तांडेल, म्हणजे कप्तान. फावल्या वेळात ब्लॉग लिहितात. त्यातलं वाक्य तिने उचललं होतं: ‘समुद्रात तांडेल मी, किनाऱ्याला लागलो की तांडेल ती.’ अख्खं प्रकरण त्यावर उभं.

आता ब्लॉगवर त्या जागी होतं: ‘मत्स्यव्यवसायात महिलांचे योगदान अनमोल आहे.’

मानसीने फोन स्पीकरवर लावला. “काका, वाक्य कुठं गेलं?”

“तूच म्हणालीस ना गो, पीएचडीत जाणार म्हणून? मग असं लुंगीवर पाठवू काय त्याला? जरा इस्त्री केली.”

मागून काकी म्हणाल्या, “मी सांगत होते, पहिलंच बरं होतं. घाला परत.”

“घालतो, घालतो.”

“आज घातलेलं काय कामाचं?” सर म्हणाले. “सांगून घातलं म्हणतील. जुन्या वेबपेजच्या प्रती ठेवणारी साइट असते, तिथे शोधा. नसेल तर वाक्य काढायचं.”

मी पानाचा पत्ता तिथे टाकला. चक्र फिरत राहिलं. मानसीने पुढ्यातल्या चहाला हात लावला नाही. मग जुनं पान उघडलं. ‘तांडेल ती’ जागेवर होती.

संदर्भ नव्याने लिहिला: लेखक, शीर्षक, ब्लॉगचं नाव, पानाचा पत्ता, जुन्या प्रतीचा पत्ता आणि पान पाहिल्याची तारीख. तारीख मानसीने गाळलीच होती. सर म्हणाले, “पुस्तक छापलं की छापलं. वेबपेज रोज कपडे बदलतं. कुठल्या दिवशीचं पाहिलंस ते सांगायला हवं.”

मानसी आता डॉक्टर झाली. परवा सहज ब्लॉग उघडला. वर ठळक अक्षरांत ‘पीएचडीत आलेला ब्लॉग’, खाली कोट घातलेल्या काकांचा फोटो. जुनं वाक्य परत आलंय. पुढे जोडलंय, ‘हिच्या सांगण्यावरून.’

तेव्हा पान पाहिलंत की तारीख लिहा, प्रत ठेवा. आणि लेखक नात्यातला असेल, तर प्रबंध जमा होईपर्यंत त्याला काही कळू देऊ नका.