आवतण न दिलेली गुळवेल

पेठहून नाशिकला येणाऱ्या एसटीत ते म्हातारबाबा माझ्या शेजारी बसले होते. दोघांच्याही मांडीवर गुळवेलच होती. माझी पिशवीत, कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी. त्यांची फडक्यात, नाशकात लेकीकडे आजारी पडलेल्या बायकोसाठी. सारखी फडक्याची गाठ सोडायची, वेलीच्या कापलेल्या टोकाला अंगठा लावून ओल आहे का बघायचं, पुन्हा गाठ मारायची, असं त्यांचं चाललं होतं.

"तुम्ही हिचं काय करता?" त्यांनी विचारलं.

वेलीतली औषधी द्रव्यं काढून मशीनवर मोजतो, असं मी सांगितलं. त्यांनी फडक्याची गाठ पुन्हा सोडली.

"आदल्या सांजेला वेलीपाशी तांदूळ ठेवून आवतण द्यावं लागतं, उद्या न्यायला येतो म्हणून. म्हातारी लय तापली हाय. लेकीचा फोन आला, तसाच तोडून निघालो. वेलीनं गुण धरून ठेवला आसंल, तर मशिनीत दिसंल का?"

"नाही दिसणार. डॉक्टरला दाखवलंत ना?"

"गोळ्या चालू हायत. पण ही देऊ का नको?"

"डॉक्टरला विचारून द्या," मी म्हणालो. त्यांनी गाठ मारली आणि नाशकात निमाणीच्या स्टँडवर उतरेपर्यंत पुन्हा सोडली नाही. मी उत्तर दिलं होतं की टाळलं होतं, ते माझं मलाच कळेना.

पुढच्या आठवड्यात माझी वेल मशीनवर लावली. सगळी द्रव्यं नेहमीसारखीच होती. आवतण तर मीही दिलं नव्हतं. पण मी तिच्याकडे फक्त आकडे मागितले होते.