आबांचा काटा आणि सातवा पोर्ट

धुळ्यातल्या एका मोठ्या दवाखान्याची संगणक यंत्रणा मी सांभाळते. म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच धड कळलेलं नाही. पेशंटचे स्कॅन एका मोठ्या स्टोरेजमध्ये साठतात आणि डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत पोचतात ते दोन स्विचमधून, म्हणजे सगळ्या केबली जिथं जोडलेल्या असतात त्या दोन पेट्यांमधून. तिथं काही बिघडायला लागलं की माझ्या मोबाइलवर इशारा येतो.

येतो कसला, दिवसाला चारशे यायचे! कितीला इशारा द्यायचा याच्या, स्विच बनवणाऱ्या कंपनीनं आखून दिलेल्या मर्यादा कुठल्या तरी थंड गावच्या असाव्यात. आमच्या एप्रिलात स्विच नुसता चालू असला तरी 'तापला, तापला' म्हणून कोकलायचा. वैतागून मी आवाजच बंद करून टाकला. आणि त्या चारशेंत एक इशारा खरा निघाला. वेळीच पाहिला असता तर काम दुसऱ्या स्विचवर वळवता आलं असतं. स्कॅन तीन तास बंद पडले. साक्रीहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या एक अक्का बाकावर बसून होत्या. त्यांना 'उद्या या' म्हणून सांगायचं माझ्या वाट्याला आलं. अक्का पिशवी उचलून परत निघाल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

व्यवस्थापक मात्र बोलले. "मॅडम, सगळ्या मर्यादा वर नेऊन ठेवा, कटकट नको. आणि पुन्हा बंद पडलं तर हे काम पुण्याच्या कंपनीला." म्हणजे मी घरी.

वर नेऊन ठेवा! हे शहाणपण मी लहानपणापासून बघत आले आहे. आबांचं, माझ्या वडिलांचं, भडगावला मोटर वाइंडिंगचं दुकान. गिरणाकाठचे शेतकरी जळलेल्या मोटरी घेऊन यायचे. मोटर जास्त करंट ओढायला लागली की स्टार्टर ती बंद पाडतो. सारखी बंद पडते म्हणून पठ्ठ्यांनी स्टार्टरचा काटाच शेवटापर्यंत फिरवलेला असायचा. आबा भडकायचे. "आधी देख, मोटर रोज कितलं ओढस. मंग काटा फिराव!"

मी तेच केलं. पंधरा दिवस एकाही मर्यादेला हात लावला नाही, नुसती वही घेऊन बसले. कोणता पोर्ट, म्हणजे स्विचवरचं केबल खोचायचं तोंड, दिवसा किती डेटा ओढतो, बॅकअपच्या वेळी किती, दुपारच्या उन्हात स्विच किती तापतो. मग प्रत्येकाची मर्यादा त्याच्या रोजच्या चालीपेक्षा जराशी वर बांधली. डेटा पोचवताना होणाऱ्या चुकांची मात्र गय केली नाही. जिथं एरवी एकही चूक होत नाही, तिथं पाच मिनिटांत पाच झाल्या की मोबाइल वाजणारच. चारशेंचे दोन-तीन झाले. व्यवस्थापकांना वाटलं, मी त्यांचं ऐकलं. मी वाटू दिलं.

जूनमधल्या एका सोमवारी अकरा वाजता, ओपीडी तुडुंब भरलेली असताना, मोबाइल वाजला. सातवा पोर्ट, सहा चुका. "झालं का तुमचं सुरू?" व्यवस्थापक म्हणाले. मी उत्तर द्यायला थांबले नाही. जाऊन पाहते तर सातव्या पोर्टची, प्रकाशावर डेटा नेणारी काचतंतूची केबल रॅकच्या दारात चेंगरलेली, आणि तिच्यातून येणारा प्रकाश हळूहळू मंदावत चाललेला. काम दुसऱ्या स्विचवर वळवलं, नवी केबल लावली. वीस मिनिटांत चुका शून्य.

बाहेर आले तर काहीच झालेलं नव्हतं! रांग सरकत होती, डॉक्टर स्कॅन बघत होते, बाकावरची माणसं पंख्याच्या नावानं बोटं मोडत होती. त्या सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली.

"किती वेळ बंद होतं?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"बंद पडलंच नाही," मी म्हटलं, आणि जरा मोठ्यानंच म्हटलं. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी आबांना फोन लावला. स्विच, पोर्ट, केबल, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मोटर जयनी का?"

"नाही जळली, आबा."

"मंग काटा बराबर शे."

दवाखान्याच्या पायरीवर, भर गर्दीत, माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत दुकानात आलेल्या एकाही गिऱ्हाइकाला आबा हे म्हणाले नव्हते.