लोणी काळभोरचा लेहरा

माझ्या पेटीवाल्या मित्राने मला फसवलं. सलग पाच रविवार, सकाळी आठ ते नऊ, आणि वर दाद देत देत फसवलं.

बिबवेवाडीत माझं नळ आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे. ते मी शून्यातून उभं केलं. आजवर मला गंडवायला बरेच आले: बिल्डर, प्लंबर, एक होऊ घातलेला व्याही. सगळे पायरीवरूनच परत गेले. आणि फसवलं कुणी, तर बँकेतून निवृत्त झालेल्या एका कारकुनाने. तेही पेटी वाजवून. म्हणजे न वाजवून.

तबला मी पस्तिशीनंतर शिकलो. त्याच क्लासात हा पेटी शिकायचा. पुढे वीस वर्षं दर रविवारी तो माझ्या घरी येऊन लेहरा धरत असे. लेहरा म्हणजे तबलजी एकटा वाजवत असताना पेटीवर फिरवत ठेवलेली एकच सुरावट. तबलजीने काय उड्या मारायच्या त्या माराव्यात, पेटीवाल्याने सोळा मात्रा संपल्या की निमूटपणे पुन्हा पहिलीवर यायचं. असं कंटाळवाणं काम करणारा माणूस मिळणं अवघड, आणि माझा तबला ऐकणारा मिळणं त्याहून अवघड. मी तबल्याची पिशवी उघडली की घरातल्या सगळ्यांना बाहेरची कामं आठवतात. ऐकणारा हा एकच होता.

निवृत्तीनंतर तो लोणी काळभोरला बंगला बांधून राहायला गेला. हडपसरच्या गर्दीतून पेटी घेऊन येणं त्याला जमेना, आणि तबला-डग्गा घेऊन जाणं मला. मग आम्ही व्हिडिओ कॉलवर प्रयत्न केला. माझी थाप त्याच्याकडे उशिरा पोचायची, तो माझ्यासाठी थांबायचा, मी त्याच्यासाठी थांबायचो. दहा मिनिटांत लय इतकी खाली आली की दोघंही हात मांडीवर ठेवून बसलो.

"हा ताल नाही," तो म्हणाला, "हा दुखवटा आहे."

त्यानेच मग वाचून शोधून काढलं की फक्त आवाज पाठवणारं, कमी उशिराचं सॉफ्टवेअर असतं. वायफाय नको, वायर हवी. कानाला हेडफोन हवेत. मी सगळं आणलं आणि इंटरनेटवाल्याला दुकानात बोलावलं.

"सर, स्पीड डबल करून देतो," तो म्हणाला.

"स्पीड नकोय. उशीर किती ते सांग."

"सर, स्पीड वाढला की..."

"अहो साहेब, मी पाइप विकतो. पाइप जाड घेतला म्हणून लांबी कमी होते का?"

खोदून विचारल्यावर कळलं की माझा तबला बिबवेवाडीतून निघून आधी मुंबईला जातो आणि तिथून लोणी काळभोरला येतो. आमच्या दोघांची कनेक्शनं वेगळ्या कंपन्यांची होती, आणि त्यांची गाठ मुंबईत पडत होती. मी मित्राला कंपनी बदलायला लावली आणि महिनाभर त्या इंटरनेटवाल्याच्या डोक्यावर बसलो. लोक रुपयासाठी घासाघीस करतात, मी मिलिसेकंदासाठी केली. साठवरून बावीसवर आणलं. बावीस म्हणजे पेटीवाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यासारखं. वीस वर्षं तो साधारण तिथेच बसत होता.

तरी सुरुवातीचे रविवार भांडणात गेले. "तू मागे ओढतोयस," मी ओरडायचो. "नेट असेल," तो म्हणायचा. मग मी इंटरनेटवाल्यावर ओरडायचो.

आणि एका रविवारी सगळं जमलं. लेहरा असा पक्का की रूळ टाकल्यासारखा. मी कायदा मांडला, रेला घेतला, कुठे कुठे जाऊन आलो, तरी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पेटी हजर. मधूनच त्याचं "वाह!" यायचं, कधी "क्या बात है!" पाच रविवार मी असा वाजवला की माझ्या हातांवर माझाच विश्वास बसेना. इंटरनेटवाल्याला बोलावून मी पेढे दिले. तो घाबरून गेला.

पाचव्या रविवारी तबल्याचा सूर उतरला. मी वाजवायचा थांबलो आणि हातोडी घेऊन सूर चढवायला कडेचे लाकडी गट्टे ठोकायला लागलो. ठक, ठक, ठक.

हेडफोनमध्ये आवाज आला, "वाह! क्या बात है!"

मी हातोडी खाली ठेवली. लेहरा चालूच. मी हाक मारली. लेहरा चालूच. मग मी वहिनींना फोन लावला.

"ते होय? बागेत आहेत, भावजी. झाडांना पाणी घालतायत."

"मग पेटी कोण वाजवतंय?"

"पेटी ना? कॉम्प्युटर," वहिनी म्हणाल्या. "एकदा वाजवून भरून ठेवलीय त्यांनी. तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

त्यांनी फोन बागेत नेला. पठ्ठ्या शांत होता.

"अरे, तू धावतोस," तो म्हणाला. "वीस वर्षं धावतोयस. मी तुझ्यामागे फरफटत यायचो, म्हणून तुला वाटायचं लय बरोबर आहे. हल्ली बोटं तेवढी पळत नाहीत. तुला सांगितलं तर तू चिडणार."

"मी चिडत नाही!"

"बघ. म्हणून मशीन लावलं. ते तुझ्यामागे येत नाही. तुला गप लयीत वाजवावं लागलं. वाजवलास की नाही चांगला?"

मी फोन आपटला.

मी थोडा पुढे जातो हे मला मान्य आहे. दुकानात गिऱ्हाइकाचं वाक्यही मीच पूर्ण करतो. पण मित्रा, बोटं पळत नव्हती तर तसं सांगायचं, मी लय उतरवली असती. लेहरा मशीनवर लावलास, तेही एक वेळ सोडतो. पण दाद भरून ठेवलीस? मी काय वाजवणार हे ऐकायच्या आधीच?

चौथ्या रविवारी माझी एक तिहाई, एकच तुकडा लागोपाठ तीनदा, अशी समेवर बसली की मी एकटाच खोलीत उठून उभा राहिलो. तशी पुन्हा बसेल असं वाटत नाही. घरात कुणी नव्हतं आणि तू बागेत होतास. वायर अजून लावलेली आहे. रविवारी आठला कानाला हेडफोन लाव, पेटी उघडू नकोस, आणि तुझ्या तोंडाने मला सांग: ती तिहाई कुणी ऐकली?