सहीआधी बहिणीला कोण सांगणार?

मैत्रिणींनो, आठवतं का, कॉन्व्हेंटच्या मधल्या सुट्टीत आपण एकाच बाकावर दाटीवाटीने डबा खायचो आणि सिस्टर दिसल्या की घाईघाईने इंग्रजीत बोलायला लागायचो?

आज तसंच दाटीवाटीने बसले होते, वकिलांच्या प्रशिक्षणात. विषय होता मालमत्तेचे दस्त. आयुष्य यातच गेलं, तरी नवं काही कळेल म्हणून हौसेने गेले.

व्याख्याते हक्कसोडपत्रावर आले. वडिलांच्या जमिनीतला वाटा बहीण भावाला सोडते, तो कागद. माझी ज्युनिअर अश्विनी, जिच्याकडे उद्याच चांदवडच्या एका ताईंची अशी सही आहे, तिने विचारलं, "सर, तिचा वाटा किती, हे बहिणीला सहीआधी कुणी सांगायचं?"

"मॅडम, आपला पक्षकार भाऊ! ताईंना साडी मिळतेच की. येवल्याची पैठणी मागायला सांगा."

सगळा हॉल हसला. मी उठून म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

"ताई, बसा आता. जेवण थांबलंय," मागून कुणीतरी ओरडलं.

इतकी चीड आली! हे शिकवायला बोलावलं होतं?

बाहेर आल्यावर अश्विनी म्हणाली, "मॅम, उद्याची सही मी पुढे ढकलते. भाऊ चिडला तर चिडू दे."

तुमच्यापैकी कुणाला माहेरून असं बोलावणं आलं, तर न वाचता सही कराल?

आणि इथल्या वकील मंडळींनो, मसुद्याची एक प्रत बहिणीला द्या, सहीच्या आधी, तिच्याच हातात. सातबाराही तिला द्या. भावाला पुढची तारीख द्या. वाटा द्यायचा की नाही, ते तिला ठरवू द्या.