ओंगणाचा नळा

घरातून निघतानाच आईने बजावलं होतं, की ही शेवटची खेप. या खेपेला मोटारीने वाटेत काही थेर केले, तर परत आल्यावर ती आमच्या दारात उभी राहणार नाही. मग भंगारवाला नेवो की आणखी कोणी. आई एकदा असं बोलली की ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरत नसे. बाबांनी नुसती मान हलवली आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतत राहिले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहत होतो. गल्ली इतकी चिंचोळी, की आमची मोटार आत शिरली की समोरचे लोक आपल्या सायकली उचलून ओट्यावर ठेवत आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मोटार लढाईच्या आधीची, विलायती. कन्हानकडच्या खाणीवरचा एक गोरा साहेब देश सोडताना ती तिथेच टाकून गेला होता. बाबांना ती सापडली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बाबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांना पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. रविवार उजाडला की मोटारीखाली आडवे, एवढंच त्यांचं व्यसन. मी शेजारी बसून नट आवळायचे पाने द्यायची. पुढे कॉलेजात गेले तरी ते सुटलं नाही. मुलीच्या जातीला हे शोभतं का, असं विचारणाऱ्या एका शेजारणीच्या खांद्यावर मी ग्रीसचा हात प्रेमाने ठेवला होता. नंतर तिने विचारलं नाही.

आईचा राग उगाच नव्हता. आदल्या वर्षी मोटार सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि बाबांचं उजवं मनगट मोडलं. हाड बसलं, पण वाकडंच. पाण्याने भरलेला तांब्यासुद्धा त्यांना त्या हाताने धड उचलता येत नसे. हे ते आईपासून लपवत होते. मला ठाऊक होतं, कारण नट आवळायचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

निघालो होतो ते मामाच्या गावाला, देवलापारच्या पलीकडे. मामेभावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आईवडील लवकर गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं. धानाची शेती, दोन बैलजोड्या, आणि गावात शब्दाला मान. मोटारीची तो भरपूर थट्टा करायचा. "जवाईबापू, या डबड्यापेक्षा माही बैलायची रेंगी बरी. पेट्रोल नाही लागत, कडबा टाकला का झालं." पण कोणी बाहेरचा हसला तर त्याच्यावर धावून जायचा. बहिणीच्या घरची वस्तू होती ना.

जाताना मोटार शहाण्यासारखी चालली. साक्षगंध थाटात झालं. दुसऱ्या दिवशी जेवून निघायचं होतं, तर सकाळीच मामीने मोटारीची पूजा केली. पुढच्या चाकांच्या मधल्या ज्या चकचकीत टोप्या बाबा दर रविवारी घासत, त्यांवर हळदीकुंकवाचे जाड थर. मागच्या सीटपुढे, आईच्या पायाशी नव्या तांदळाची दोन पोती चढली. मामा बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चाकायची काळजी करू नका बापू. म्या पहाटीच सारं पाहून ठेवलं." बाबांना वाटलं, हवा पाहिली असेल. ते हसले आणि आम्ही निघालो.

देवलापार सोडल्यावर रस्ता जंगलात शिरतो आणि मनसरकडे वळणं घेत उतरायला लागतो. दोन्हीकडे साग. पहिल्या वळणाआधी बाबांनी त्या दिवसातला पहिला ब्रेक दाबला. मी त्यांच्या शेजारी बसले होते. मोटारीचा प्रत्येक आवाज मला तोंडपाठ होता. ब्रेक लागला की एक बारीकसा घासल्याचा आवाज यायचा. तो आला नाही. बाबांनी पुन्हा पाय दिला. मोटार जशी होती तशीच चालत राहिली. त्यांनी हँडब्रेक ओढला, तो मागे येऊन टेकला आणि काही झालं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. डिसेंबर होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आरशाकडे डोळ्यांनी खूण केली. आरशात आई होती, पोत्यावर पाय टेकून, डोळे मिटून. तिला कळू द्यायचं नाही, एवढं मला समजलं.

आता मोटार आवरायला एकच गोष्ट उरली होती, गिअर. खालचा गिअर टाकला की इंजिनच चाकांना मागे ओढतं. पण त्या जुन्या मोटारीत गिअर आजच्यासारखा आपसूक बसत नसे. क्लच दाबून आधी गिअर मोकळा करायचा, मग ॲक्सिलरेटर देऊन इंजिनाचा वेग वाढवायचा, मग पुन्हा क्लच दाबून दांडी खाली ओढायची. एवढ्यात चूक झाली तर आत दात किंचाळतात, गिअर बसत नाही, आणि उतारावर मोटार पूर्ण मोकळी सुटते. त्यात त्या वजनदार स्टिअरिंगला वळणावर दोन्ही हात हवेत. डावा हात दांडीकडे गेला असता तर सगळा भार त्या मोडक्या मनगटावर आला असता.

"गिअर तू टाक," बाबा हळूच म्हणाले. "पाय माहे, हात तुहा. मोजतो."

रविवारी अंगणात ते मला असंच शिकवायचे. "एक" म्हटलं की दांडी मध्ये, "दोन"ला ते ॲक्सिलरेटर देणार, "तीन"ला मी दांडी ओढणार. पण अंगणात मोटार उभी असते. इथे ती धावत होती आणि माझा तळवा घामाने निसटत होता. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. आणि भीतीपेक्षा जास्त राग आला होता. इतके रविवार आम्ही हिची सेवा केली, आणि नेमकं आज, आई मागे असताना, हिने हे करावं!

"एक. दोन. तीन."

दांडी बसली. इंजिन ओरडलं, मोटारीने गचका खाल्ला आणि वेग थोडा तुटला.

"काय मोजून राहिले हो?" मागून आई म्हणाली.

"वळणं," बाबा म्हणाले.

"मंग हळू मोजा. गचके बसून राहिले."

दुसऱ्या वळणावर समोरून लाकडांनी भरलेला ट्रक आला. बाबांनी मोटार इतकी कडेला घेतली की सागाची पानं माझ्या दंडावर फटाफट आपटली. ट्रकवाल्याने शिवी घातली. बाबांच्या उजव्या मनगटाला भार पेलवत नव्हता. मी उघडपणे हात पुढे करून स्टिअरिंगला आधार दिला.

उतार संपत आला असं वाटलं, तोच समोर गुरं दिसली. चरून परतणारं सगळं गावचं खिल्लार रस्ता भरून चाललं होतं, आणि त्यांच्या मागे काठी खांद्यावर टाकलेला एक म्हातारा गुराखी, पाठ आमच्याकडे. बाबांनी हॉर्न दाबून धरला. म्हाताऱ्याने वळून पाहिलं आणि गाडी आहे, थांबेल, अशा विश्वासाने तो सावकाश एकेक गाय हाकू लागला.

"पहिला," बाबा म्हणाले. "एक. दोन. तीन."

दात किंचाळले. गिअर बसला नाही. मोटार मोकळी सुटली.

"पुन्हा. घाबरू नको. एक."

दांडी मध्ये. म्हाताऱ्याचा फेटा, गाईचं शेपूट, सगळं मोठं होत चाललं होतं.

"दोन."

इंजिन चढत्या आवाजात रडलं.

"तीन!"

मी दोन्ही हातांनी ओढली. बसली. मोटार जागच्या जागी वाकल्यासारखी झाली, पण थांबली नाही. माणूस चालतो त्या वेगाने ती गुरांकडे जातच होती. डाव्या हाताला रस्त्याच्या कामासाठी टाकलेला मुरमाचा ढीग होता. बाबांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, पुढची चाकं ढिगात रुतली आणि इंजिन बंद पडलं. मागे एक पोतं घसरून आईच्या पायावर आलं. ती ओरडली.

मग सगळं शांत झालं. गुरं निघून गेली. म्हाताऱ्याने जाताना सल्ला दिला, "मोटार जपून चालवा जी. ढोरं असते रस्त्यावर."

आई लंगडत खाली उतरली. चाकांतून धूर निघत होता. ती बाबांकडे पाहत राहिली, आणि तिच्या ओठांवर तो भंगारवाल्याचा शब्द आलेलाच मला दिसला. बाबा खाली बसले आणि पुढच्या चाकाची टोपी पुसायला लागले. हळदीकुंकवाचा थर गेला तसे खाली पक्कडीच्या दातांचे ओरखडे उमटलेले दिसले. आम्ही त्या टोपीला कधी पक्कड लावली नव्हती. बाबांनी टोपी काढली. आतून काळं, दाट तेल भळाभळा वाहिलं. ते मागच्या चाकांकडे गेले. तिथे टोप्या नव्हत्या, तर ब्रेकच्या ड्रमच्या फटीतून ओतलेलं. चारी चाकांचे ब्रेक तेलात न्हाले होते.

मामाने आमची चाकं ओंगली होती. लांबच्या वाटेला निघायचं तर बैलगाडीच्या आखाला तेल द्यायचं, त्याला तिकडे ओंगण म्हणतात. एरंडीच्या तेलात काजळी कालवून ते बांबूच्या नळ्यात भरतात आणि नळा गाडीखाली टांगतात. सुनी, म्हणजे बिनतेलाची गाडी बहिणीला घेऊन जाऊ नये, म्हणून बिचारा पहाटे उठून मोटारीला तेल पाजत बसला असेल. आखाला तेल लागतं हे त्याला माहीत होतं. तिथेच ब्रेकही असतो, हे त्याला कोण सांगणार?

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझा हात दाबला.

"माहीच चूक आहे," ते आईला म्हणाले. "निघायच्या आधी वंगण जास्त झालं माह्या हातून. तू म्हणशील तसं करू. घरी पोचलो का देऊन टाकू."

ते मोटारीकडे पाहत नव्हते. एका वाक्यात ती वाचली असती. मेव्हण्याचं नाव घेतलं की झालं. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला आणि इतका जीव तुटला, की रडूच आलं.

आई वाकली. चाकातून गळणाऱ्या तेलात तिने बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. तशीच उभी राहिली. लहानपणी तिने तो नळा किती वेळा भरला असेल! एरंडी आणि काजळीचा तो वास तिच्या माहेरच्या गुरांच्या कोठ्याचा होता. बाबांच्या ग्रीसला तसा वास कधी आलाच नव्हता.

"खोटं कायले बोलता?" ती म्हणाली. "हे दादाच्या हातचं हाये."

बाबांनी टोपी उलटी करून उरलेलं तेल झटकलं.

"त्याले सांगू नका," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मरेस्तोवर सांगू नका. जीव लावून केलं असन त्यानं. कळलं तर तो अन्न सोडन."

"नाही सांगणार. म्हणून तर मोटार देऊन टाकू म्हणतो."

"देऊन टाकू म्हणे!" आईने बोट पदराला पुसलं. "दादा विचारन ना, काहून देली? मंग मी काय सांगू त्याले? आता कुठी नाही जात ते डबडं." मग माझ्याकडे वळून, "रडतं काय वं? हे धुऊन निघते का, ते सांग."

निघत होतं. बाबांनी जॅक लावला, मी ड्रम उतरवले, आणि आईने आपलं एक जुनं लुगडं फाडून, डब्यातल्या पेट्रोलमध्ये बुडवून, ब्रेक घासले. हिवाळी संध्याकाळ झपाट्याने उतरत होती. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मधूनच ती हसायची, मधूनच डोळे पुसायची, आणि त्यामुळे तोंडही काळं झालं. मग कामठीवरून महालापर्यंत आम्ही रांगतच आलो.

पुढच्या खेपेला मामाच्या गावाहून निघायची वेळ झाली तसा मामा ओंगणाचा नळा घेऊन अंगणात आला. आईने तो त्याच्या हातातून काढूनच घेतला. "तू बस दादा. आता मीच देत असतो तेल. मले शिकवलं यायनं." मामाला कोण आनंद. तो नळा त्याने मोटारीला भेट देऊन टाकला. आईने तो घरी आणून राखेने घासून कोरडा केला. त्यानंतर दर खेपेला निघताना ती चारी चाकांशी वाकायची, रिकामा नळा टेकवायची, आणि मामा खाटेवर बसून समाधानाने पाहायचा.

शेवटच्या वर्षी त्याला उठवत नव्हतं. आतूनच त्याने विचारलं, "बाई, तेल देलं का वं चाकायले?"

"देलं, दादा."

"चारीले?"

"चारीले."

मामा गेल्यावर तेरवीहून परतताना आम्ही मोटारीत बसलो. मी स्टिअरिंगवर होते, बाबा शेजारी. आई मात्र अंगणात नळा घेऊन उभी होती. विचारणारं आता कोणी नव्हतं. तरी ती वाकली, आणि एकेका चाकाला नळा टेकवत मोटारीभोवती फिरली. मी इंजिन सुरू केलं नाही, तिची वाट पाहत बसले.