सुभद्राबाई आणि सहा रानगवे

शिरड शहापूरच्या सुभद्राबाईची तऱ्हाच अशी, की नवं काही दिसलं आणि त्याची चौकशी केली नाही, तर तिला जेवण गोड लागत नसे. ओढ्यावर पूल बांधला, तेव्हा त्यात सळ्या किती घातल्या हे तिने मुकादमाला विचारून घेतलं होतं. तर वनखात्याने गावामागच्या जंगलात पुन्हा रानगवे आणायचे ठरवले. सगळ्यांत मोठं नुकसान सुभद्राबाईचं होतं, आणि गवे बघायची घाईही तिलाच.

नुकसान असं, की तिच्या चाळीस मेंढ्या त्याच जंगलात चरायच्या. मेंढ्यांचे रोग गव्यांना लागतात, म्हणून गवे तिथे रुळले की चराई कायमची बंद. वनरक्षक दीपमालाने घरी येऊन तसं स्पष्ट सांगितलं होतं.

सहा गवे ट्रकने आले. त्यांना आधी जाळी लावलेल्या कुंपणात ठेवलं. दोन दिवस झाले तरी एकाने पाण्याला तोंड लावलं नाही. उद्या सकाळपर्यंत प्यायले नाहीत तर माघारी न्यायचे, असं गव्यांबरोबर आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी ठरवलं.

हे ऐकून सुभद्राबाईला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोला? पण मग तिला चैन पडेना. मेंढ्या नवऱ्याच्या, मसाजीच्या, हवाली करून तिने कुंपण गाठलं.

"काहून पाणी पिऊन न्हाई राहिले गं ते?"

"ते कळलं असतं तर आमी असं बसलो असतो का, मावशी?" दीपमाला म्हणाली. "बघा तुमी, पण आवाज करू नका."

सुभद्राबाईने जाळीच्या फटीला डोळा लावला. काळंकुळकुळीत धूड आणि गुडघ्याखाली पांढरे पाय, मोजे घातल्यागत. त्यांतली म्हातारी मादी हौदापर्यंत आली, जमीन हुंगली, फुसकारली आणि मागे फिरली. पाण्याचा तिने वासही घेतला नाही. हे सुभद्राबाईने बरोबर टिपलं.

नव्या मुक्कामावर मेंढ्याही अशाच बुजतात. म्हणून तिच्या घरचे लोक मागच्या मुक्कामाच्या लेंड्या पोत्यात भरून आणत आणि नव्या जागी पसरत. ओळखीचा वास आला की जनावर निवांत होतं. ट्रकमधलं शेणात भिजलेलं गवत झाडून फाटकामागे टाकलेलं तिला समोर दिसत होतं. नुसतं गप्प राहायचं आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या, एवढंच तिला करायचं होतं. तेवढंच तिला जमलं नाही.

"ट्रकातला तो कचरा हौदाभोवती पसरा," ती म्हणाली. "त्येंच्या गावचा वास हाय त्यात."

डॉक्टर म्हणाले, करून पाहू. दिवस कलताना म्हातारी मादी पुन्हा हौदाशी आली, बराच वेळ हुंगत राहिली आणि प्यायली. मग बाकीचे आले. सुभद्राबाईला हसू फुटलं आणि त्याच घटकेला घरच्या चाळीस मेंढ्याही आठवल्या.

आता जंगलाच्या तोंडाशी चराईबंदीची पाटी आहे. मेंढ्या रस्त्याच्या कडेचं धुळीने माखलेलं गवत हुडकत फिरतात आणि अर्धपोटी परततात. मसाजीने चार दिवस स्वतःच्या भाकऱ्या स्वतःच थापल्या. वाटेत दीपमालाची स्कूटी दिसली की सुभद्राबाई हात करून तिला थांबवते. आता चराईचं विचारणार, म्हणून दीपमाला मनातून धास्तावते.

"काय गं," सुभद्राबाई विचारते, "पोटभर खातेत ना ते?"