अळणीचा नेम

माझ्या सासूबाईंना रक्तदाब आहे हे कळलं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तो मोजता येतो याचं. पुसदच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबून फुगवला, पाऱ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून म्हणाले, "बाई, तुम्ही इथवर आलात कशा?"

"दमणीनं," सासूबाई म्हणाल्या. गाडी हलकी होती आणि बैल आमचे चांगले होते.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. आमचं गाव फुलसावंगीच्या अलीकडे, कपाशी आणि तुरीचं. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. माहेरी आई नव्हती, त्यामुळे भाकरी थापण्यापासून गाय पिळण्यापर्यंत सगळं सासूबाईंनीच शिकवलं. त्यांचं शिकवणं म्हणजे आधी ओरडणं, मग दाखवणं. त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा आणि घरातले सगळे त्यांना टरकून असायचे. मीही असायची. पण त्या दोन दिवस भावाकडे गेल्या की मला घर खायला उठायचं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तीन गोष्टी बजावल्या. मीठ अगदी नावाला, लोणचं-पापड बंद. रोज दोन मैल चालायचं. आणि चिडायचं नाही. ही तिसरी ऐकून माझ्या नवऱ्यानं तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं.

परतताना अर्ध्या वाटेत सासूबाईंनी गोळ्यांची बाटली पिशवीत खोल सारली. मग म्हणाल्या, "मीठ सोडीन एखांद्या वेळेस. पन चालाले कुठी जाऊ? रिकामी बाई रस्त्यानं फिरते काय?"

खरंच होतं ते. आमच्या गावात बाईच्या पावलाला काम लागायचं. डोक्यावर घागर, कडेवर पोर, हातात विळा, काहीतरी हवंच. रिकाम्या हाताची बाई दिसली की ओट्याओट्यावरून विचारणा व्हायची, "काहून जी, कुठी चालल्या?" त्यावर "फिरायला" म्हटलं असतं, तर बाईला वेड लागल्याची बातमी दिवेलागणीच्या आत शेजारच्या गावात पोचली असती. आजाराचं सांगणं तर त्याहून वाईट. बाई बिमार झाली की किल्ल्या सुनेच्या कमरेला जातात, असं सासूबाईंचं मत होतं. आणि सून मीच होते.

त्यामुळे आठ दिवस काहीच झालं नाही. पानात लोणच्याची फोड आणि वर खडेमिठाची चिमूट होतीच. मला धास्ती वाटत होती. त्यांची थोरली बहीण लकव्यानं दीड वर्ष खाटेवर होती, तिला मी पाहिलं होतं. ती भांडकुदळ बाई शेवटी नुसती डोळे फिरवून पाहायची. माझ्या सासूबाईंचा आवाज तसा गेलेला मला चालणार नव्हता. त्यांच्या ओरडण्यावाचून मला करमलं नसतं, हे तेव्हा मला कुणापुढे म्हणता आलं नसतं.

एका दुपारी त्यांच्या तळपायांना तेल चोळताना मी धीर केला. "आत्याबाई, आषाढी आली. अवंदा चातुर्मासाचा अळणीचा नेम धरा ना. देवीले रोज एकशे आठ फेरे घाला. अन् दुपारपासून दिवे लागेपर्यंत मौन."

नाल्यापलीकडच्या देवीपर्यंत जाऊन-येऊन आणि फेरे धरून दोन मैल सहज भरत होते, ते मी आधीच मोजून ठेवलं होतं. सासूबाईंनी पाय ओढून घेतला. "तू लय चालाख हायेस व," त्या म्हणाल्या. पण नेम धरला.

काय ते चार महिने! हातात पूजेचं ताट घेऊन त्या निघायच्या, मागे मी तांब्या घेऊन. कुणी "कुठी?" विचारायचं नाही, उलट बाया पाया पडायच्या. समोरच्या घरची बाई तर रोज आमची वाट पाहत ओट्यावर उभी असायची. "धन्य हाय जी तुमची," म्हणायची. अळणी वरणात मी लिंबू पिळायची, लसणाची फोडणी द्यायची. पहिले पंधरा दिवस त्यांनी प्रत्येक घासाला तोंड वाकडं केलं, पुढे सवय झाली. मौनात मात्र त्यांचा जीव जायचा. गडी चुकला की त्या तांब्या जमिनीवर आपटायच्या, आणि किती वेळा आपटला त्यावरून गडी काय ते समजून घ्यायचा. दसऱ्याच्या सुमारास पुसदला दाखवलं, तर डॉक्टरांच्या यंत्रातला पारा बराच खाली आला होता. मी दमणीत तोंडाला पदर लावून रडले.

कार्तिकी एकादशी आली, नेम फिटला. उद्यापनाला पाच सवाष्णी जेवल्या, सोडलेली वस्तू दान द्यायची म्हणून पायलीभर मीठ दान दिलं. मग पाटावर बसलेल्या सासूबाईंच्या पानात मी माझ्या हातानं मीठ वाढलं, लोणचं वाढलं. त्यांनी डोळे मिटून फोड चोखली. इतकी सुखी बाई मी फार कमी पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी त्या चालायला निघाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. विचारलं तर म्हणाल्या, "देवाचं देवाले देऊन झालं. आता बिमारी कायले राह्यते?" गोळ्यांची बाटलीही फडताळात मागे गेली. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. नेम पुरा झाला, म्हणजे ज्यासाठी धरला तेही पुरं झालं. आमच्यात असंच असतं.

पौषात एका सकाळी तूर पाखडताना त्यांच्या हातातून सूप गळून पडलं. मला काही सांगायला गेल्या तर शब्द जड झाले, लाळ आली. मी त्यांना मिठी मारून ओरडले. त्या घरात मी पहिल्यांदाच ओरडले. दमणी पुसदला पोचेपर्यंत जीभ पुन्हा वळू लागली होती, पण डावा हात लुळाच होता.

डॉक्टर भयंकर चिडले. "मीठ कुणी सुरू केलं? चालणं कुणी बंद केलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी चांगल्या हातानं मला मागे सारलं. "म्या. नेम फिटला, म्हून. इचा काही दोष नाही."

"देवाचा नेम चार महिन्यांचा असतो बाई," डॉक्टर म्हणाले, "हा जन्माचा आहे. याचं उद्यापन नाही."

हात सुधारायला महिना लागला. त्या महिन्यात त्यांनी मीठ मागितलं नाही. मग एका सकाळी धुतलेलं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. मी घाईनं पूजेचं ताट भरायला गेले.

"ठेव ते," त्या म्हणाल्या. "नेम सरला. देवाच्या नावानं खोटं कितीक बोलू?" आणि रिकाम्या हातानं निघाल्या. मी पायात चपला सरकवून मागे धावले.

समोरची बाई ओट्यावर मेथी निवडत होती. "काहून जी, कुठी चालल्या?"

"कुठीच नाही," सासूबाई थांबून म्हणाल्या. आवाज पहिल्यासारखा वेशीपर्यंत गेला. "मले बिमारी हाय. रक्ताचा जोर चढते. डाक्टरनं चालाले सांगतलं, म्हून चालून राह्यली."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजूबाजूच्या ओट्यांवरच्या माना वळल्या. समोरच्या बाईनं मेथी बाजूला ठेवली, खाली उतरली, सासूबाईंच्या अगदी जवळ आली आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "माह्यंबी डोकं गरगरते जी. दिवाळीपासून. घरी कोनाले सांगतलं नाही."

सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लोनचं खाते काय व?"

"रोज," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"रडू नोको," सासूबाई तिच्यावर खेकसल्या. "चाल."